फिल्टर बंद, मावशी चालू

दातांच्या दवाखान्यात बाहेर बसलेल्या माणसाला धीर देणं हे मावशींचं काम होतं, आणि ते त्यांनी आजवर एका वाक्यावर निभावलं होतं: "काही कळतसुद्धा नाही हो, मुंगी चावल्यासारखं होतं." हे त्या इतक्या सहज म्हणत की ऐकणाऱ्याला वाटावं, बाईंनी स्वतःचे निम्मे दात इथंच काढून घेतलेत. प्रत्यक्षात आतल्या त्या खुर्चीला त्यांनी पुसायच्या फडक्याखेरीज कधी हात लावला नव्हता, आणि पुसतानासुद्धा त्या तोंड घट्ट मिटून घेत.

मावशी तशा कुणाच्याच सख्ख्या मावशी नव्हत्या. थोरल्या डॉक्टरांनी त्यांना काउंटरवर बसवलं तेव्हा धाकटे डॉक्टर शाळेत जात, आणि शाळा सुटली की दप्तर काउंटरखाली फेकून 'मावशी, भूक' म्हणत. पुढे धाकट्यांना पदवी मिळाली, पांढरा कोट मिळाला, बाहेरच्या पाटीवर नाव लागलं, पण तोंडातली 'मावशी' काही गेली नाही. त्यांचं ऐकून पेशंट म्हणायला लागले, मग औषध कंपनीची माणसं, मग वीजबिल घेऊन येणारा. आता तर मावशींच्या वयाचे आजोबाही गालाला रुमाल लावून त्यांना 'मावशी' म्हणत, आणि मावशींना त्याचा मनातून राग येई.

बाहेरच्या खोलीत भिंतीला लागून खुर्च्या होत्या, एक प्लास्टिकचं झाड होतं आणि जुन्या मासिकांचा ढीग होता. मासिकांतली सगळी शब्दकोडी अर्धवट सुटलेली होती. प्रत्येकाला ऐन रंगात आलेल्या शब्दावरच आतून बोलावणं आलेलं. बाहेरची खोली आणि आतली खोली यांच्यामध्ये प्लायवूडचं एक पार्टिशन. त्याला आतल्या बाजूनं टेकून ती खुर्ची, आणि बाहेरच्या बाजूनं टेकून फिशटँक.

टँक थोरल्या डॉक्टरांनी आणलेला. मासे बघितले की माणसाचं मन शांत होतं, असं त्यांनी कुठंसं वाचलं होतं. धाकट्यांनी त्यात स्वतःची भर घातली: मासे जेवताना बघितले तर आणखी शांत होतं. म्हणून दवाखान्याची ऐन गर्दीची वेळ तीच माशांच्या जेवणाची वेळ ठरली, सकाळचे अकरा. दवाखाना उघडण्याआधीच त्यांना खायला घातलं तर माझी धांदल वाचेल, असं मावशींनी एकदा सुचवून पाहिलं होतं. त्यावर डॉक्टरांनी मास्क खाली ओढून विचारलं, की कुणी बघायलाच नसताना मासे जेवले तर त्याचा आपल्याला उपयोग काय?

टँकमध्ये मासे पाच. आणि खरं सांगायचं तर मावशींचं त्यांच्यावाचून चालत नसे, त्याला कारणही तसंच होतं. घरी नवरा बोलत नव्हता. भांडण नव्हतं, स्वभावच तसा. दवाखान्यात येणाऱ्यांची तोंडं सुजलेली. मावशींना तर बोलल्याशिवाय अन्न पचत नसे. समोर तोंड करून, डोळे न मिटता, मध्येच उठून न जाता ऐकून घेणारे या जगात त्यांना एवढे पाचच भेटले होते.

घोळ झाला तो फिल्टरमुळे. टँकच्या कडेला लटकवलेला तो फिल्टर थोरल्या डॉक्टरांच्या काळचा. कुणी गृहस्थ गुळण्या करता करता घोरत असावेत, तसा त्याचा आवाज. दिवसभर चाले म्हणून सगळ्यांना तो सवयीचा झाला होता. पण त्याची ओढ जबरदस्त. मावशी वरून खाद्याचे पापुद्रे चिमटीनं सोडत, ते पाण्यावर एक गिरकी घेत, आणि माशांनी तोंड उघडायच्या आत फिल्टरच्या नळीत गडप होत. मासे उपाशी राहत आणि फिल्टर गलेलठ्ठ होई. मग आत अडकलेलं खाद्य कुजे, आणि पाण्याला कळकट चहाचा रंग चढे.

शेवटी मावशींनी शोभेचे मासे विकणाऱ्या दुकानदाराला गाठलं. त्यानं सगळं ऐकून घेतलं, म्हणजे मावशींचं सगळं ऐकायला जेवढा वेळ लागतो तेवढा घेतला, आणि म्हणाला, "मावशी, तुम्ही माशांना नाही, फिल्टरला जेवू घालताय."

मग त्यानं रीत सांगितली. खायला घालण्याआधी फिल्टरची मोटर बंद करायची. दहा मिनिटं त्यांना निवांत जेवू द्यायचं. उरलंसुरलं जाळीनं उचलायचं आणि मग मोटर चालू. चालू करायला मात्र विसरायचं नाही, नाहीतर पाण्यात राहून जीव गुदमरेल त्यांचा.

दुसऱ्या दिवशी अकरा वाजता मावशींनी बटण बंद केलं. गुळण्या थांबल्या, घोरणं थांबलं. पापुद्रे पाण्यावर शहाण्यासारखे तरंगत राहिले, आणि पाचही जण आयुष्यात पहिल्यांदा पाहुण्यांसारखे बसून जेवले. मावशींचे डोळे भरून आले.

त्याच वेळी पार्टिशनपलीकडून आवाज आला. आधी डासासारखा बारीक, मग सुतारानं फळीत गिरमिट घालावं तसा, मग ते गिरमिट गाठीवर अडावं तसा. मध्ये तो थांबला आणि डॉक्टर म्हणाले, "अजून मोठं उघडा. अजून. हां, बास." मग पुन्हा गिरमिट. मग एक शांतता. आणि मग डॉक्टरांचाच आवाज: "अरेच्चा."

'अरेच्चा' हा शब्द दाताच्या डॉक्टरनं उच्चारू नये, आणि उच्चारलाच तर बाहेरच्यांनी तो ऐकू नये. एका गृहस्थांना एकदम आठवलं की घरी गॅस चालू राहिलाय. एक बाई फोनवर बोलत बोलत बाहेर गेल्या. फोन कुणाचाच आला नव्हता. सुजल्या गालाचा एक तरुण उठून मावशींना म्हणाला, की दुखायचं थांबलंच बघा, चमत्कारच.

मावशींना त्याचं म्हणणं पटलं. थोरले डॉक्टर म्हणत ते खोटं नव्हतं तर. रोज अकराला मोटर बंद व्हायची, मासे जेवायचे आणि बसलेल्यांपैकी निम्म्यांच्या दाढा जागच्या जागी बऱ्या व्हायच्या. त्यांनी ही आनंदाची बातमी डॉक्टरांना दिलीसुद्धा. बऱ्या झालेल्या दाढांची बातमी दातांच्या डॉक्टरनं कशी घ्यायची, हे डॉक्टरांना कळेना. ते दारातून रिकाम्या खुर्च्या बघत राहिले.

मग सल्लागार आले. हे डॉक्टरांच्याच वर्गातले. दुसऱ्याच्या तोंडात बघवत नाही म्हणून त्यांनी दात सोडले होते, आणि आता ज्यांनी दात सोडले नव्हते त्यांना सल्ला देत. ते एक दुपारभर बाहेरच्या खोलीत पायावर पाय टाकून बसले. दुपारी मासे जेवत नसल्यामुळे फिल्टर सुखानं घोरत होता. संध्याकाळी त्यांनी निदान केलं: दोष माशांचा. मासे सारखं तोंड उघडतात, मिटतात, उघडतात. बाहेर बसलेल्या माणसाला नेमकी त्याच गोष्टीची आठवण नको असते. तेव्हा टँक काढा, टीव्ही लावा.

महिनाअखेरीस मासे जातील, असं डॉक्टरांनी मावशींना सांगितलं, तेही दाढ काढायच्या आधी पेशंटशी बोलतात त्या मऊ आवाजात. दुकानदार नेईल म्हणे परत. मावशींनी काउंटरच्या काचेवरचा नसलेला डाग बराच वेळ पुसला.

खरं कारण कळलं ते रूट कॅनालवाल्या सरांमुळे. सर निवृत्त शिक्षक. त्यांची दाढ उघडून कापूस भरून ठेवलेली असल्यामुळे त्यांना पळून जाणं शक्य नव्हतं. एका सकाळी अकरा वाजता खोली रिकामी झाली तरी ते मासिक घट्ट धरून बसून राहिले, आणि पार्टिशनकडे मान करून म्हणाले, "मावशी, हा आवाज इतके दिवस कुठे ठेवला होता?"

मावशींनी कान दिला. मोटरकडे पाहिलं, पार्टिशनकडे पाहिलं. म्हणजे इतकी वर्षं लोकांना धीर दिला तो त्यांच्या मुंगीनं नाही, माशांनीही नाही. त्या घोरणाऱ्या डब्यानं.

घरी गेल्यावर त्यांनी नवऱ्यापुढे सगळं ओतलं. नवरा शिंपी, मशीनवर वाकलेला. मावशी सांगत होत्या, तो शिवत होता, दोघांचा वेग साधारण सारखा. उद्याच डॉक्टरांना सांगते की मासे निर्दोष आहेत, तुमचं गिरमिट लोकांना पळवतंय, मोटर चालू असली की ते ऐकू येत नाही, बंद केली की येतं, इतकं साधं आहे. नवऱ्यानं पाय थांबवला. मशीन थांबलं की काहीतरी महत्त्वाचं निघणार, हे मावशींना लग्नापासून ठाऊक होतं.

"मग ते मोटर ठेवतील," नवरा म्हणाला, "आणि मासे काढतील."

आणि पुन्हा पाय चालू केला.

मावशींना त्याचा फार राग आला, कारण तो बरोबर बोलला होता. त्या डॉक्टरांना काही बोलल्या नाहीत. मनातल्या मनात एवढंच ठरवलं की महिनाअखेरीपर्यंत अकराच्या ठोक्याला एकही माणूस खुर्चीतून उठता कामा नये, म्हणजे डॉक्टर आपोआप टीव्ही विसरतील. पण करायचं कसं? मोटर चालू ठेवून खाद्य मुठीनं घालून पाहिलं; फिल्टर मुठीनं जेवला. नळीच्या तोंडाला नवऱ्याकडून आणलेल्या अस्तराचा तुकडा बांधला. मोटर तापली आणि जळका वास सुटला. दहा मिनिटं खोकून पाहिलं, तर लोकांनी तोंडाला रुमाल लावून खुर्च्या लांब सरकवल्या.

सापडलं ते अचानक. एका अकरा वाजता मोटर बंद होती, आत गिरमिट नुकतंच सुरू होत होतं आणि कोपऱ्यातल्या एक बाई पर्स खांद्याला लावून अर्ध्या उठल्या होत्या. मावशींच्या तोंडून जे पहिलं निघालं ते त्या बोलून गेल्या.

"बसा हो, बसा. आज यांच्या घरात मोठं वाजलंय."

बाई अर्ध्या उठलेल्या, तशाच थांबल्या. कुणाच्या घरात? मावशींनी टँककडे बोट केलं, आणि मग त्या सुटल्या. हे नारिंगी, पोट सुटलेले, ते सासरेबुवा. सगळ्यात आधी यांनाच वाढावं लागतं, आणि जेवून झालं की आपण जेवलोय हे विसरतात. ही काळी, डोळे बाहेर आलेली, ती नणंद. घरातलं काही हिच्या नजरेतून सुटत नाही, देवानं डोळेच तसे दिलेत. ती लांब शेपटीची पांढरी, ती सूनबाई. सकाळपासून फिरतीय, एक मिनिट टेकली असेल तर शपथ. तो छोटा, सतत कुणाच्या तरी मागे लपणारा, तो धाकटा दीर. नोकरी बघतोय म्हणे, अजून दिसलेली नाही. आणि तो बघा, काचेला तोंड चिकटवून बसलाय तो. तो घरजावई.

घरजावई म्हटल्याबरोबर खोली हसली. रुमालाखालून, सुजल्या गालातून, जमेल तिथून हसली. बाई खाली बसल्या.

त्या दिवसापासून रोज अकराला फिल्टर बंद आणि मावशी चालू. गोष्ट अशी की सासरेबुवांना घरजावई डोळ्यांसमोर नको होता, आणि तो तर काच सोडायला तयार नव्हता. सूनबाई दोघांच्या मध्ये भरडली जात होती. आतल्या गिरमिटाचा सूर चढला की मावशी सासरेबुवांचा संताप आणत. आतून 'आं, आं' ऐकू आलं की लगेच म्हणत, अगदी असेच विव्हळले हो बिचारे, सुनेनं ताट पुढे सरकवलं नाही म्हणून. डॉक्टर 'अरेच्चा' म्हणाले तेव्हा तर त्यांनी कमालच केली. नणंदेला टँकमधल्या प्लास्टिकच्या किल्ल्यामागे काहीतरी दिसलं आणि ती म्हणाली, अरेच्चा. काय दिसलं ते उद्या.

लोक उद्या आले. संध्याकाळची वेळ घेतलेले सकाळी अकराला येऊन बसायला लागले. ज्यांच्या दातांचं काम कधीच संपलं होतं तेही 'जरा तपासून घ्यावं म्हटलं' असं सांगत येत. सूनबाईची बाजू घेणारे खिडकीकडे बसत आणि सासरेबुवांचे दाराकडे. रूट कॅनालवाले सर मधल्या खुर्चीत बसून दोन्हीकडच्यांना गप्प करत.

एकदा गोष्ट अशी रंगली की दहाची वीस मिनिटं झाली. मावशी टँकला पाठ करून सांगत होत्या. समोरच्या एका मुलीनं कौतुकानं म्हटलं, की बघा, सगळे वर येऊन ऐकताहेत. मावशींनी वळून पाहिलं. पाचही जण पाण्याच्या अगदी वर येऊन तोंडं आ करून हवेला लटकले होते. मावशी वाक्य तिथंच टाकून बटणाकडे धावल्या. मोटर घोरायला लागली, बुडबुडे सुटले, आणि घडीभरानं सासरेबुवा जड अंगानं खाली उतरले. त्यानंतर त्या एक हात बटणावर ठेवूनच बोलू लागल्या.

खुर्च्या भरलेल्या बघून मावशी निर्धास्त झाल्या. तिथंच त्या फसल्या. महिनाअखेरीस सल्लागार पुन्हा आले, आणि या खेपेला अकरा वाजता आले. फी म्हणून स्वतःचा एक दात फुकटात बघून घ्यायचा होता. दहा मिनिटं त्यांनी ऐकलं, एकदा हसलेसुद्धा, आणि मग डॉक्टरांना बाजूला घेऊन म्हणाले, की बघा, लोकांना धरून ठेवतात त्या तुमच्या मावशी. माशांकडे बघतंय कोण? टँकच्या जागी त्यांना उंच स्टूल द्या, एक माइक द्या, दिवसभर बोलू देत.

डॉक्टर खूश होऊन मावशींकडे आले. हा मान आहे, असं त्यांना खरोखर वाटत होतं. मावशींनी विचारलं, मासेच नाहीत तर गोष्ट कुणाची सांगू? डॉक्टर म्हणाले, कुणाचीही सांगा, तुम्हाला काय कमी आहे.

त्यावर मावशींनी अबोला धरला.

अबोल्याचा त्यांना सराव नव्हता. एकदा नवऱ्यावर धरून पाहिला होता, पण तो त्याच्या लक्षातच आला नाही, म्हणून सोडून द्यावा लागला. डॉक्टरांच्या मात्र पहिल्याच तासाला लक्षात आला. मावशी भिंतीवरच्या कॅलेंडरला सांगत, की कुणीतरी कळवा, पुढचा पेशंट आलाय. डॉक्टरांनी काही विचारलं तर उत्तर स्टेपलरला मिळे. पेशंटशी, दुकानदाराशी, वीजबिलवाल्याशी बोलणं नेहमीसारखंच भरघोस. अबोला फक्त एका पांढऱ्या कोटापुरता.

ठरल्या दिवशी दुकानदार पिशव्या आणि जाळी घेऊन आला. खोली भरलेली होती. सल्लागारही रांगेत बसले होते. जाळी घालायची म्हणून दुकानदारानं मोटर बंद केली. आत गिरमिट लागलं. सगळ्यांनी मावशींकडे पाहिलं. मावशी काउंटरमागे दोन्ही हात जोडल्यासारखे ठेवून, ओठ मिटून उभ्या होत्या.

आवाज चढत गेला. त्याच्यावर घालायला ना सासरेबुवा होते, ना नणंद. सगळ्यांत आधी सल्लागार उठले. त्यांना म्हणे एक मीटिंग आठवली. त्यांच्या मागे खिडकीकडचे गेले, मग दाराकडचे. खुर्च्या सरकल्याचा आवाज ऐकून डॉक्टर हातात ते यंत्र घेऊनच बाहेर आले, आणि ते बंद करायचं विसरले. रिकाम्या खोलीत, स्वतःच्या हातातलं ते यंत्र त्यांनी बहुधा पहिल्यांदाच ऐकलं. त्यांनी ते बंद केलं. चालू केलं. पुन्हा बंद केलं. मग टँकजवळ जाऊन मोटरचं बटण दाबलं आणि यंत्र चालू केलं. मग कपाळावर हात मारून घेतला, आणि हातमोज्याचा ओला डाग कपाळावर उमटला.

पुढचं नवऱ्यानं सांगितलं होतं तसंच झालं. टँक राहिला, पाणी राहिलं, किल्ला राहिला, मोटर राहिली. मासे गेले.

ते दुकानात गेले नाहीत. मावशींनी दुकानदाराला ते आपल्या घरी सोडायला लावलं. बाथरूममधल्या कपड्यांच्या मोठ्या टबात पाचही जण मावले, म्हणजे मावले असं म्हणायचं. हवा सोडणारी एक छोटी मोटर दुकानदारानं उसनी दिली, आणि जाता जाता सांगून गेला, की टबात हे फार दिवस निघणार नाहीत. फिल्टर नाही, घाण पाण्यातच राहणार. मावशी सकाळ-संध्याकाळ अर्धं पाणी बदलत. नवरा काही न बोलता स्वयंपाकघरातल्या सिंकवर अंग पुसून घेऊ लागला. चौथ्या-पाचव्या दिवशी सासरेबुवा एका कुशीवर कलून पोहायला लागले. मावशी टबाशेजारच्या पाटावर बसून राहिल्या. त्यांना काही बोलायचं सुचेना, आणि याचीच त्यांना जास्त भीती वाटली.

दवाखान्यात रिकामा टँक ऐटीत घोरत होता. गिरमिट ऐकू येत नव्हतं, खुर्च्या पुन्हा भरल्या होत्या. डॉक्टरांचं गणित चोख बसलं होतं. फक्त लोक येऊन काउंटरवर विचारत, की घरजावयाचं पुढे काय झालं? किल्ल्यामागे काय होतं? मावशी अतिशय आदरानं सांगत, की मासे डॉक्टरांनी काढले, तेव्हा पुढचं त्यांनाच माहीत.

लोक आत जाऊन विचारू लागले. भूल द्यायला तोंड उघडा म्हटलं की तोंड उघडून पहिला प्रश्न हाच. एका आजींनी तर सुनेच्या अंगावर कुणी हात टाकला का एवढं सांगा, मग काढा दाढ, असं बजावलं. डॉक्टर बारीक आरसा हातात धरून ताटकळत. त्यांनी एक-दोनदा काहीतरी रचूनही पाहिलं. सूनबाई परदेशी गेली असं सांगितलं. कशी गेली, याला उत्तर नव्हतं. शेवटी रूट कॅनालवाले सर आले. दाढेवर टोपी बसवायची, काम शेवटचं. सरांनी तोंड मिटून ठेवलं आणि आधी उत्तर मागितलं. डॉक्टरांनी विचार केला की एकदाचा हा विषय संपवून टाकावा.

"घरजावई बुडाला," डॉक्टर म्हणाले.

सरांनी गळ्यातला नॅपकिन सोडला. बाहेर येऊन त्यांनी सगळ्या खोलीला ऐकवलं, की आतले गृहस्थ मासा बुडाला म्हणतात. ज्यांना मासा बुडत नाही एवढं माहीत नाही, त्यांच्या हाती मी दाढ द्यावी का, हा प्रश्न त्यांनी वर्गाला विचारावा तसा विचारला. वर्गानं पिशव्या उचलल्या.

सुट्टीच्या दिवशी सकाळी डॉक्टर मावशींच्या घरी आले. नवरा मशीनवर होता. मावशी बाथरूमच्या दारात पदर खोचून उभ्या, हात कोपरापर्यंत ओले.

डॉक्टर म्हणाले, "मावशी, मासे परत आणू या."

मावशी नवऱ्याकडे वळल्या. "त्यांना विचारा, अकराला मोटर बंद झाल्यावर काय करायचं?"

नवऱ्यानं सुई दातात धरली होती ती काढली. "काय करायचं?" त्यानं डॉक्टरांना विचारलं.

"म्हणजे तुम्ही गोष्ट सांगालच ना," डॉक्टर मावशींना म्हणाले.

"त्यांना सांगा, माझा घसा काही प्लायवूडचा नाही."

"प्लायवूडचा नाही," नवरा म्हणाला.

आत टबात छोटी मोटर क्षीणपणे गुणगुणत होती. नवऱ्यानं कापड मशीनखाली सरकवलं, मग काय वाटलं कुणास ठाऊक, पाय उचलून बाजूला ठेवला आणि कुणी न सांगता बोलला.

"मासे जेवतात तेवढा वेळ तुमचं मशीन बंद ठेवा की. चहा घ्या. मीही घेतो."

इतका खटाटोप झाला, सल्लागार आले, टीव्ही ठरला, स्टूल ठरलं, माइक ठरला. डॉक्टरांनी दहा मिनिटं हात आवरायचा, हे मात्र कुणाच्याच डोक्यात आलं नव्हतं. डॉक्टरांच्या तर नव्हतंच, पण मावशींच्याही नव्हतं, आणि हे त्यांना जास्त झोंबलं.

"ठेवतो," डॉक्टर म्हणाले. "दहा मिनिटं. रोज."

"लिहून घ्या त्यांच्याकडून," मावशी नवऱ्याला म्हणाल्या.

"राहू दे," नवरा म्हणाला, आणि शिवायला लागला.

टबातलं पाणी निम्मं उपसून, वर ओलं फडकं टाकून दोघांनी टब उचलला. डॉक्टर पुढे, उलट पावली जिना उतरणारे. मावशी मागे, वरच्या पायरीवर. टब जड होता आणि पाणी डुचमळत होतं. पहिल्या वळणावर डॉक्टर थबकले. इकडे-तिकडे पाहून, आवाज खाली आणून त्यांनी विचारलं, "मावशी, त्या किल्ल्यामागे होतं तरी काय?"

बोलण्याच्या नादात त्यांच्याकडची बाजू खाली गेली. फडक्याखालून पाणी सांडलं आणि बुटांत गेलं.

"अरे, सरळ धर आधी," मावशी म्हणाल्या, "सासरेबुवा कलताहेत."

अबोला तिथंच, जिन्यात सुटला. गोष्ट मात्र त्यांनी सांगितली नाही, दवाखान्यापर्यंत डॉक्टरांनी आणखी दोनदा विचारलं तरी. टँकमधलं पाणी बदललं, मोटर लावली, पाचही जण एकेक करून आत सोडले. सासरेबुवा थोडा वेळ कुशीवर राहिले, मग फिल्टरच्या धारेखाली जाऊन हळूहळू सरळ झाले. घरजावई गेला तो थेट काचेकडे. डॉक्टर ओले मोजे काढून कोपऱ्यातल्या खुर्चीत बसले आणि घड्याळाकडे बघू लागले. अकराला अजून बराच अवकाश होता.